बोटीवरचं यंत्र, डोंगरातला नकाशा

मी घरोघर जाणारी नर्स आहे. ज्यांना हॉस्पिटलने "आता घरी न्या" असं सांगितलेलं असतं, त्यांच्याकडे मी जाते. जखमा धुते, नळ्या बदलते, दुखणं कमी करणारी औषधं देते, माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं ते घरच्यांना दाखवते. डहाणूत आमचं एक लहान केंद्र आहे. एक डॉक्टरबाई, मी आणि औषधांचं कपाट, एवढाच त्याचा पसारा. रुग्ण मात्र किनाऱ्यापासून तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरांपर्यंत विखुरलेले. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे पाडे सुरू होतात, म्हणून मी मोटरसायकल चालवते. मागे औषधांची पेटी बांधलेली असते. पाड्यावरची मुलं आवाजावरून ओळखतात, "सिस्टरची गाडी आली."

सुरुवातीची काही वर्षं मी विचारत विचारत जात असे. मग फोनवरचा नकाशा आला आणि विचारणं कमी झालं. आशागडपर्यंत, महामार्गावर, तलासरीच्या बाजारात फोन उत्तम चालतो. डोंगर सुरू झाला की नेटवर्क जातं, आणि पडद्यावर आधी उमटलेली निळी रेघ तेवढी शिल्लक राहते. तिच्या भरवशावर मी कितीतरी वेळा गेले आणि पोहोचलेही.

एकदा नाही पोहोचले. म्हणजे पोहोचले, पण फार उशिरा.

तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावर एक आजी होत्या. गालाचा कॅन्सर होता. तोंडाने खाणं बंद झालेलं, नाकातून पोटात नळी घातलेली. त्याच नळीतून पेज आणि त्याच नळीतून दुखण्याचं औषध. घरी त्यांची एकच मुलगी. नवऱ्याचं घर सोडून आईकडे आलेली, कधी शेतावर, कधी चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारी. होळीच्या आसपास एका दुपारी तिचा फोन आला. त्यांच्या पाड्यावर फोन लागत नाही, ती टेकाडावर चढून बोलत होती.

"ताई, नळी निघाली. आईने झोपेत ओढली. सकाळपासून औषध नाय गेलं."

"मी निघाले," म्हटलं. "तू आईजवळ जाऊन बस."

आधी मी त्या पाड्यावर डॉक्टरबाईंबरोबर जीपने, दुसऱ्या बाजूने गेले होते. या वेळी फोनने जवळची वाट दाखवली. डांबरी रस्ता सोडला, मातीची वाट धरली आणि एका वळणानंतर समोर भिंतच आली. नव्या द्रुतगती महामार्गाचा भराव. दोन मजली घराइतका उंच, लाल मुरमाचा, डावीकडे नजर जाईल तिथवर आणि उजवीकडेही तसाच. निळी रेघ त्याच्या पोटातून सरळ पलीकडे गेलेली.

मी भरावाच्या कडेने डावीकडे गेले. कुठेतरी खालून जायला बोगदा असेल असं वाटलं. होता, पण तो पाण्यासाठी काढलेला, कमरेएवढा. उलट फिरले, उजवीकडे गेले. एक डंपर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो बिचारा कुठल्या लांबच्या राज्यातून आलेला. त्याला पाडे काय माहीत! शेवटी जुन्या महामार्गावर परत येऊन, मोठा वळसा घालून, जीपच्या जुन्या वाटेने मी पाड्यावर पोहोचले तेव्हा उन्हं उतरली होती.

आजी ओसरीवरच्या खांबाला धरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या, कण्हतही नव्हत्या. डोळे मात्र एका जागी थिजल्यासारखे झाले होते. मी नळी घातली, औषध दिलं, पाठीवर हात फिरवत राहिले. औषध लागू पडल्यावर त्यांची बोटं खांबावरून आपोआप सुटली.

मुलगी मला पाणी देताना म्हणाली, "तुमच्या गाडीचा आवाज येत होता, ताई. भरावाच्या त्या अंगाला. आई हाताने दाखवत होती, आली, आली. मग आवाज लांब लांब गेला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जे झालं ते ती सांगत होती. मी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोन हातात घेऊन ती निळी रेघ बघितली. मग म्हणाल्या, "फोनवर राहण्यात अर्थ नाही. ट्रेकिंगवाले वापरतात तसं हातातलं जीपीएस घेऊ. ज्याला नेटवर्क लागत नाही असं. आणि त्यात नकाशा कुठला घालायचा ते तू ठरव. तुला जायचं असतं."

आमचं घर वरोरला. घरी बाबा आणि मी. बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीवर सुकाणू त्यांच्या हातात आणि खलाशी त्यांच्या शब्दावर. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी समुद्र बंद केला. बोट आता भागीदार चालवतो. बाबा सकाळी किनाऱ्यावर जाऊन बोटी लागताना बघतात आणि परत येऊन ओट्यावर बसतात. जाळं दुरुस्त करायला कोणी आणून दिलं तर करतात, नाहीतर नुसते बसतात.

त्या संध्याकाळी मी त्यांना भरावाची गोष्ट सांगितली, डॉक्टरबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. ते उठले, आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. बोटीवरचं जुनं हातातलं जीपीएस. पिवळं, रबराच्या कवचातलं, बटणांच्या खाचांत अजून मीठ होतं.

"नवं कशाला घेता? हे घे," ते म्हणाले. "पाण्याने मरत नाही, पडून फुटत नाही. भागीदाराने बोटीला मोठा पडदा बसवलाय, याला तिकडे कोण विचारतं."

मी ते अंगणात सुरू केलं. थोड्या वेळाने उपग्रह सापडले आणि पडद्यावर बाण आला. आम्ही जिथे उभे होतो ती जागा बरोबर होती. पण भोवती काहीच नव्हतं. किनाऱ्याची रेघ, रेल्वेची रेघ, महामार्गाची रेघ, बाकी सगळी जमीन एका पिवळट रंगाची. समुद्रात मात्र ठिपकेच ठिपके.

"यात जमीनच नाही, बाबा."

"आम्हाला जमिनीचं काय काम होतं?" ते म्हणाले. मग पडदा माझ्याकडे वळवून समजावू लागले. "हे बघ बाय, तू कुठे उभी आहेस ते यंत्र सांगतं. तुझ्या भोवती काय आहे ते नकाशा सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काल तुला यंत्राने नाही फसवलं. नकाशाने फसवलं."

वापीला एका दुकानात ट्रकवाल्यांच्या आणि मोटरसायकलवरून लांब फिरणाऱ्यांच्या यंत्रांत नकाशे भरून देतात असं कळलं होतं. तलासरीहून वापी काही लांब नाही. रविवारी मी बाबांना मागे बसवून गेले. दुकानदार भला माणूस होता, अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलणारा. मी त्याला विचारलं, कुठला नकाशा डोंगरातल्या पाड्यांसाठी बरा?

"बेन, बधा नकशा सरखाज छे," तो म्हणाला. सगळे सारखेच. "ट्रकवाले हाच नेतात. कोणाची तक्रार नाही." मग त्याने यंत्र तारेने कॉम्प्युटरला जोडलं आणि तो चुकचुकला. "मेमरी फुल आहे. आतलं सॉफ्टवेअर पण जुनं. ते बदलल्याशिवाय नवा नकाशा घेणार नाही. सगळं पुसावं लागेल. जुने पॉइंट जातील. चालेल ने?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला, तार स्वतःच्या हाताने काढली आणि यंत्र फडक्यात गुंडाळलं.

"नको," ते म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले.

परतताना तलासरीच्या नाक्यावर चहाला थांबलो. चहा पुढ्यात आल्यावर त्यांनी यंत्र फडक्यातून काढलं, पण सुरू केलं नाही.

"तुझ्या काकाची जागा आहे त्यात," ते म्हणाले.

काका समुद्रात गेला हे मला माहीत होतं. मी तेव्हा लहान होते. घरात त्यावर कधी कोणी बोलत नसे, आणि जी गोष्ट बोलली जात नाही ती विचारायची नसते हे आम्हाला न सांगताच कळलं होतं. त्या दिवशी नाक्यावर, ट्रकांच्या आवाजात, बाबांनी ती पहिल्यांदा सांगितली. वारा अचानक फिरला. काका जाळं ओढत होता. लाट आली तेव्हा तो बोटीच्या काठाशी होता आणि लाट गेली तेव्हा नव्हता. माणूस पडला की आधी बटण दाबायचं असतं, म्हणजे जागा यंत्रात राहते आणि बोट फिरवून तिथेच येता येतं. बाबांनी बटण दाबलं. सगळे त्या ठिपक्याभोवती फिरत राहिले, पहाट होईपर्यंत, आणि नंतर किनाऱ्यावरच्या इतर बोटीही आल्या.

"ठिपका तिथेच राहतो," बाबा म्हणाले. "पाणी कुठे थांबतं? तो पडला त्या जागेवर पुढच्या घटकेला तो नव्हताच. मला कळत होतं. पण फिरायला दुसरी जागा कुठली होती?"

त्यानंतर ते कितीतरी वर्षं त्या बाजूने जात-येत राहिले. ठिपका जवळ आला की इंजिन मंद करायचे. खलाशांनी कधी कारण विचारलं नाही.

मी विचारलं, "काय नाव दिलंय त्या जागेला?"

"नाव काय द्यायचं? यंत्राने आपोआप नंबर दिला, तोच आहे."

चहा निवून गेला होता. मी म्हटलं, "बाबा, पुसायच्या आधी सगळ्या जागा कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात. मी शिकून घेते. जमलं नाही तर आपण दुसरं यंत्र घेऊ. हे असंच राहू दे."

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

शिकायला फारसं अवघड नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना केंद्रात घेऊन आले. डॉक्टरबाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि बाहेर गेल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळे ठिपके उमटले तेव्हा बाबा पुढे वाकले. बोट लावून एकेक सांगू लागले. हा बुडालेला खडक, इथे जाळं फाटायचं. ही चिखलाची पट्टी, इथे कोळंबी. हा जुन्या गलबताचा सांगाडा. एका ठिपक्यावर बोट थांबलं आणि मग त्यांनी ते काढून घेतलं. मी विचारलं, आता तरी नाव घालू का? ते नको म्हणाले.

"दोन ठिकाणी ठेव," एवढंच म्हणाले. मी दोन ठिकाणी ठेवलं.

यंत्र पुसताना ते शेजारीच बसले होते. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, समुद्र रिकामा झाला. मी म्हटलं, नकाशा भरून झाला की जागा परत घालते. त्यावर ते म्हणाले, "जाळ्यांच्या जागा भागीदाराकडे आहेत. बाकीचं इथेच राहू दे. तुझ्या गाडीला डोंगर दाखव." आणि उठून बाहेर व्हरांड्यात डॉक्टरबाईंशी चिकूच्या भावाबद्दल बोलायला लागले.

आता नकाशा निवडायचा होता. वापीच्या दुकानदाराचं 'सगळे सारखेच' मला पटलं नव्हतं. दोन नकाशे घेतले. एक कंपनीचा, विकतचा. दुसरा फुकटचा, जगभरातली हौशी माणसं मिळून तयार करतात तो. कुणीही त्यात आपल्या गावची वाट काढू शकतं, चुकलेली दुरुस्त करू शकतं. आधी कंपनीचा घातला, कारण विकतची वस्तू जास्त खात्रीची असं मलाही वाटत होतंच.

एका लोहाराकडून हँडलला पकड बसवून घेतली आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी निघू लागलो. बाबा मागे, यंत्र पुढे. आधी ओळखीच्या जागा घेतल्या. आशागडचा फाटा, कोसबाडची टेकडी, शाळा, पूल. बाबांचा आग्रह असा की आधी यंत्राची परीक्षा करायची. एकाच पुलाच्या कठड्याशी सकाळी उभं राहायचं, परतताना पुन्हा तिथेच उभं राहायचं आणि बाण किती सरकला ते बघायचं. बाण थोडासाच हलत होता, रस्त्याच्या रुंदीएवढासुद्धा नाही. म्हणजे याच्या पुढची चूक दिसली तर ती नकाशाची, हे आम्हाला कळलं. समुद्रावर ते हेच करायचे, धक्क्याला बोट लागलेली असताना.

कंपनीचा नकाशा देखणा होता. महामार्ग, त्याचे उतार, पेट्रोलपंप, बँका, सगळं रेखीव. बाण रस्त्याच्या रेघेवर अगदी बरोबर चालायचा. पण आम्ही डोंगराकडे वळलो की गावाचं एक नाव यायचं आणि त्या नावाखाली पसरलेले सगळे पाडे गायब. एका गावाचे आठ-दहा पाडे असतात, दोन पाड्यांमध्ये ओहोळ असतो, टेकडी असते. नकाशाला एक टिंब पुरेसं वाटलं होतं. आणि भरावाशी गेलो तर त्यातही रस्ता फोनसारखाच आरपार. कंपनीचा नकाशा वर्षातून एकदा बदलतो असं लिहिलेलं होतं. चुकीची वाट कळवायला एक पत्ता होता. मी कळवलं. उत्तर इंग्रजीत आलं, आभाराचं.

मग फुकटचा घातला. पहिल्यांदा पडद्यावर सगळ्या नावांच्या जागी चौकोनच चौकोन दिसले. बाबा म्हणाले, "हे काय, विटा रचल्यात?" जुन्या यंत्राला देवनागरी वाचता येत नव्हती. मग मी त्याच नकाशाची रोमन अक्षरांतली आवृत्ती शोधून घातली. नावं वेडीवाकडी झाली, पण वाचता आली.

हा नकाशा एकसारखा नव्हता. कोसबाडच्या बाजूला कुणीतरी जीव लावून काम केलेलं. पायवाटा, विहिरी, वाड्यांच्या कडा, सगळं होतं. पुढे डोंगरात काही ओहोळ होते, काही पाडे होते, आणि मध्ये मोठमोठे तुकडे कोरे. एका ठिकाणी आम्ही रस्त्यावर होतो आणि बाण एक शेत सोडून बाजूला चालत होता.

"हे कुणी घरी बसून काढलंय," बाबा म्हणाले. "वरून घेतलेल्या फोटोवरून." बरोबर होतं. नंतर शोधलं तर जुन्या उपग्रहाच्या चित्रावरूनच ती वाट काढलेली निघाली.

मी तरी तोच निवडला. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, चुका दोन्हीत आहेत. या चुका मला दुरुस्त करता येतात."

यंत्र गाडी गेली ती रेघ मागे सोडत जातं. उन्हाळाभर मी कामावर जाता-येता त्या रेघा गोळा केल्या आणि घरी येऊन नकाशात घातल्या. भराव घातला. त्याखालून जाणारा खरा बोगदा कुठे आहे ते घातलं. पावसात पाण्याखाली जाणारे फरशीपूल तसे नोंदवले, म्हणजे त्या दिवसांत यंत्र दुसरी वाट सुचवेल. कुणाचं घर मात्र कधी नकाशात घातलं नाही. कोण आजारी आहे हे साऱ्या जगाला सांगण्याची गोष्ट नाही. ती घरं फक्त माझ्या यंत्रात होती, नावाशिवाय.

नकाशाची नवी आवृत्ती उतरवली तेव्हा भराव जिथे होता तिथे दिसत होता आणि रस्ता त्याच्या अलीकडे थांबत होता. मी ओट्यावर बसून बराच वेळ ते बघत राहिले. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण त्या भिंतीशी पुन्हा कोणी फसणार नाही असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात मी आजींकडे वरचेवर जात होते. एकदा बाबाही बरोबर होते. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण मुलीने त्यांना ओसरीवर बोलावलं. बाबांनी कागदात बांधून सुके बोंबील आणले होते. मी मनात म्हटलं, जिला गिळता येत नाही तिच्या घरी हे काय आणलं! मुलीने ते चुलीवर भाजले. वास सुटला तशी आजींनी हाताने खूण केली. मुलीने मिरची न घालता थोडं कालवण केलं आणि बोट बुडवून एक थेंब त्यांच्या ओठाला लावला. आजींनी डोळे मिटून तो थेंब जिभेवर घेतला. आणखी एक मागितला.

आजींचं बोलणं आता मुलीलाच समजत असे. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "आई विचारते, समुद्रात वाट नाय, मग घरी कसे येता?"

बाबा म्हणाले, "दिवसा किनाऱ्याचे डोंगर दिसतात, आजी. तुमचेच डोंगर. त्यांच्यावरून येतो."

आजी हे ऐकून मागच्या टेकडीकडे वळून बघत राहिल्या.

मी यंत्र आत आणून मुलीला दाखवलं. त्यांच्या पाड्यावर शेजारच्या पाड्याचं नाव होतं आणि शेजारचा पाडा बिननावाचा. "हे आमचं नाव नाय," ती म्हणाली, "हे ओहोळाच्या पलीकडचं." आजींनी मान हलवून दुजोरा दिला आणि भरावाकडे बोट केलं. मुलीने सांगितलं, "तिथं आमची नागली व्हायची. शेत खाली गेलं. वर जो तुकडा राहिला त्याला आता पाणी येत नाय." आजींचा हात तसाच उचललेला राहिला. मी दोन्ही पाड्यांची नावं दुरुस्त केली. शेताचं काय करायचं ते मला सुचलं नाही. नकाशात त्या जागी भरावच होता आणि तो बरोबरच होता.

श्रावणात एका सकाळी मुलीचा फोन आला. पाऊस इतका की तिचा आवाज मधेमधे बुडत होता. "ताई, आई वेगळाच श्वास घेते."

मी निघताना बाबा रेनकोट घालून तयार होते. मी नको म्हटलं, ते ऐकले नाहीत. "पेटी कोण धरेल?" म्हणाले.

जवळची वाट फरशीपुलावरून होती. यंत्राने ती दाखवलीच नाही. लांबची, भरावाखालच्या बोगद्यातून जाणारी दाखवली. नंतर कळलं, त्या सकाळी फरशीपूल दिसतही नव्हता. चिखलात दोनदा गाडी घसरली, बाबांनी पाय टेकून सावरली. पाड्यावर पोहोचलो तेव्हा आजी जाग्या होत्या. मला ओळखलं. श्वास लागत होता आणि त्या लागण्याची भीती डोळ्यांत होती. मी कातडीखाली इंजेक्शन दिलं, उशा रचून त्यांना टेकवून बसवलं, मुलीला मागे बसायला सांगितलं. आईचं डोकं तिच्या छातीवर आलं. हळूहळू श्वास संथ झाला. भीती गेली. मुलगी आईच्या केसांतून बोटं फिरवत काहीतरी गुणगुणत होती, त्यांच्या बोलीतलं, मला सगळं कळलं नाही. दुपार उलटताना दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि मग पुढचा श्वास आलाच नाही. मुलगी गुणगुणायची थांबली नाही. मी तिला सांगितलं नाही, तिचं तिला कळेपर्यंत थांबले.

पाड्यावरचे बरेच पुरुष कामाला बाहेरगावी गेलेले. होते ते म्हातारे आणि दोघे-तिघे जवान. पाऊस थोडा उघडला तशी त्यांनी तयारी केली. उचलायची वेळ आली तेव्हा बाबा ओसरीवरून उठले आणि पुढच्या बांबूखाली उभे राहिले.

"बाबा, तुमची छाती," मी हळूच म्हटलं.

"थोड्या वाटेपुरता," ते म्हणाले.

कोणी त्यांना कोण, कुठले विचारलं नाही. एकाने त्यांच्या खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवली. शेताच्या बांधावरून ते चालत गेले, आणि मी मुलीचा हात धरून वाटेच्या कडेला उभी राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. पावसाने असेल.

पुढे दिवाळीनंतर ती मुलगी मला आशागडच्या फाट्यावर दिसली. चिकूच्या वाडीतून सुटून टमटमची वाट बघत उभी होती. मी त्याच बाजूला दुसऱ्या एका रुग्णाकडे चालले होते. म्हटलं, बस मागे, सोडते.

डोंगर लागल्यावर तिने माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं.

"ह्या वाटेने नको, ताई. आई गेली त्या दिवशी भरला होता, त्या ओहोळावर नवा पूल झाला. परवापासून माणसं जातात."

"यात नाही तो."

"नसंल. मी दाखवते."

मी गाडी वळवली. कच्ची वाट नव्यानेच पडलेली होती, कडेला काढलेली माती अजून ओली. पडद्यावर बाण रस्ता सोडून कोऱ्या पिवळट जागेत शिरला. मागून ती सांगत होती, डावीकडे, आता सरळ, हळू, पुढे दगड आहेत. पुलावर आलो तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा जरा." ती उतरली, कठड्याशी जाऊन खाली पाणी बघितलं, पदराने तोंड पुसलं.

मग परत येऊन बसली. "चला," म्हणाली.